ससा, पारधी आणि कवी

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात बी.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही एक लेखन-कार्यशाळा घेतली होती. यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावचे हे महाविद्यालय. वर्गात बसणारी बहुतेक मुले कापूस-सोयाबीनच्या शेतांतून येणारी. काही कोलाम पोडावरची, काही बंजारा तांड्यावरची, एखाद-दुसरी पारधी बेड्यावरची. विषय मीच दिला होता : लहानशा मुक्या जिवावरील दया सांगणारे एक कल्पित कथाकाव्य लिहावे. विषय निरुपद्रवी आहे, सर्वांना जमण्याजोगा आहे, अशी माझी समजूत होती.

कविता आल्या. कुणी चिमणीवर लिहिले होते, कुणी सशावर, कुणी कबुतरावर, कुणी हरणाच्या पाडसावर. वृत्ताची ओढाताण होती, पण भावना खोटी नव्हती. वाचन सुरू झाले आणि चार-पाच कवितांनंतर एक गोष्ट लक्षात येऊ लागली. निम्म्याहून अधिक कवितांत खलपुरुष एकच होता : पारधी. कुठे तो 'दुष्ट' होता, कुठे 'क्रूर', कुठे 'काळा'. तो जाळे घेऊन येई, पाखराला पकडी, आणि मग एखादे शहाणे मूल किंवा एखादा साधू त्या पाखराची सुटका करी. वाचन संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिने स्वतःची कविता वाचली नव्हती. ती एवढेच म्हणाली, "सर, समद्यायच्या कवितेत आमीच काऊन?"

मी शिक्षकी उत्तर दिले. कवितेतला पारधी म्हणजे केवळ शिकारी, तो शब्द तेथे जातिवाचक नाही, असे सांगितले. ती खाली बसली. उत्तर व्याकरणाला धरून होते. पण ते तिला पटले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नाही. दयेची कथा सांगण्यासाठी एक निर्दय माणूस उभा करावाच लागतो काय? आणि लागत असेल, तर त्याला बोलू देण्याची आपल्या परंपरेत काही सोय आहे की नाही? या प्रश्नामागे जाताना जुन्या मराठी काव्याची काही पाने पुन्हा उलटावी लागली. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो आहे.

१.

आरंभ अर्थातच क्रौंचवधापासून करावा लागतो. भारतीय काव्यपरंपरा आपल्या जन्माची जी कथा सांगते, ती एका पक्ष्याच्या मृत्यूची कथा आहे. तमसेच्या तीरी रमलेल्या जोडप्यातील नर निषादाच्या बाणाने पडतो, मादी आक्रोश करते आणि वाल्मीकींच्या मुखातून शोक श्लोकरूपाने बाहेर पडतो. शोकाचा श्लोक झाला, हे आपण अलंकारशास्त्राच्या प्रत्येक वर्गात सांगतो. पण त्या श्लोकाचा व्याकरणदृष्ट्या विषय काय आहे, इकडे आपले फारसे लक्ष जात नाही. तो श्लोक पक्ष्याला उद्देशून नाही, निषादाला उद्देशून आहे. आणि तो शाप आहे. लहान जिवाविषयीच्या करुणेचे पहिले उच्चारण हे माणसाविषयीच्या शापाच्या रूपात झाले. निषाद कोण होता, त्याच्या घरी कोण वाट पाहत होते, हे आदिकवीने विचारले नाही. विचारले असते तर कदाचित श्लोक झाला नसता.

महाभारताने मात्र हाच प्रसंग दुसऱ्या अंगाने पाहिला. वनपर्वातील श्येन आणि कपोत यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. ससाण्याच्या भीतीने कबुतर राजाच्या मांडीवर येते. राजा उशीनर, पुढे लोकांत ज्याची ही कथा शिबीच्या नावाने अधिक रूढ झाली, त्याला अभय देतो. येथवर कथा सरळ आहे. पण मग ससाणा बोलू लागतो. तो विचारतो : हे माझे अन्न आहे. ते तू हिरावून घेतलेस तर मी मरेन, माझ्यामागे माझी बायकापोरे मरतील. एका जिवाला वाचवून अनेकांना मारणे हा कोणता धर्म? राजापाशी या युक्तिवादाला शाब्दिक उत्तर नाही. म्हणून तो तराजू मागवतो आणि आपले मांस कापून पारड्यात घालू लागतो.

कथाकाव्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. मारणाऱ्याला येथे वाणी मिळाली आहे, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यामुळे दयेची किंमत दया करणाऱ्यालाच मोजावी लागते. मोरोपंतांनी संपूर्ण महाभारत आर्यावृत्तात आणले. त्याच्याही आधीपासून कीर्तनकार अशी आख्याने गावोगाव सांगत आले. म्हणजे ससाण्याचा प्रश्न मराठी श्रोत्याच्या कानांवरून गेलेला आहे. आपण तो पुढे लक्षात ठेवला नाही, एवढेच.

२.

आता मराठीकडे वळू. लहान जिवावरील दयेची मराठीतील जुन्यात जुनी आणि माझ्या मते सर्वांत निर्दोष कथा पद्यात नाही, गद्यात आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ऋद्धिपूर येथे सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'त सशाची एक लीळा आहे. चक्रधर झाडाखाली बसले आहेत. पारधी सशामागे कुत्री सोडतात. ससा पळत येतो आणि चक्रधरांच्या गुडघ्याखाली शिरतो. कुत्री थबकतात. मागोमाग पारधी येतात आणि ससा मागतात. या सशावर आमची पैज लागली आहे, तो मिळाला नाही तर आमच्यात सुऱ्या निघतील, असे ते सांगतात. चक्रधर त्यांना विचारतात की शरण आलेल्याला येथे मरण असते काय? मग ते त्यांच्याशी बोलू लागतात : रानात राहणाऱ्या, गवत खाऊन आणि पाणी पिऊन जगणाऱ्या या जिवांनी तुमचे काय घेतले आहे? पारधी ऐकून घेतात आणि निघून जातात. मग चक्रधर गुडघा उचलतात आणि सशाला, एखाद्या आदरणीय माणसाला उद्देशून बोलावे त्या शब्दांत, आता जायला सांगतात.

एवढीच लीळा. छापील पानात ती अर्धे पानही व्यापत नाही. पण तिच्यात काय नाही ते पाहावे. शाप नाही. सशाचा विलाप नाही. ससा आरंभापासून शेवटपर्यंत मुका आहे, आणि मुका असूनही त्याची भीती आपल्याला कळते, कारण तो कोठे शिरला हे सांगितले आहे. पारध्यांसाठी एकही दूषण नाही. ते का मारत आहेत, ससा सोडला तर त्यांच्यावर काय ओढवेल, हे त्यांच्याच तोंडून सांगितले आहे. चक्रधरांचे बोलणे सशाशी कमी आणि पारध्यांशी जास्त आहे. दया सशावर होते. परंतु संवाद पारध्यांशी होतो. शेवटी सशाला मिळणारे ते आदरार्थी संबोधन तर कोणत्याही करुणरसाच्या वर्णनापेक्षा अधिक सांगून जाते.

ही लीळा महानुभावांच्या प्रसिद्ध 'साती ग्रंथां'कडे नेऊन पाहिली तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. पंथात उत्तम आख्यानकवी होते. नरेंद्राचे 'रुक्मिणीस्वयंवर', भास्करभट्ट बोरीकरांचे 'शिशुपाळवध', दामोदर पंडितांचे 'वछाहरण' ही मराठी कथाकाव्याची पहिली मोठी शिखरे आहेत. परंतु या कवींनी कथेसाठी प्रामुख्याने कृष्णचरित्राकडे पाहिले. सशाची लीळा गद्यातच राहिली. कदाचित तिचे बळही त्या गद्यात असेल. पद्याच्या अलंकारांनी सशाला बोलके केले असते आणि पारध्यांना काळे.

आणि हे गद्य शतकानुशतके सर्वसामान्य मराठी वाचकापर्यंत पोचले नाही. महानुभावांच्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद होत्या. त्या उलगडण्याचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले, आणि त्या कामात आमच्या यवतमाळचा वाटा मोठा आहे. यवतमाळच्या शारदाश्रमाचे संस्थापक यशवंत खुशाल देशपांडे यांनी आयुष्यातील मोठा काळ महानुभावीय पोथ्यांच्या शोधात आणि अभ्यासात घालवला. त्यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ १९२५ सालचा. तोवर ज्ञानेश्वरीच्या अलीकडे-पलीकडे काय आहे याची पुरती कल्पना मराठी अभ्यासकांनाही नव्हती. प्रत्यक्ष 'लीळाचरित्र' हरि नारायण नेने यांच्या संपादनाखाली नागपुरातून १९३६ पासून भागशः छापून निघू लागले, डॉ. वि. भि. कोलते यांची आवृत्ती १९७८ मध्ये आली. या सनावळीला पुढे महत्त्व येणार आहे, म्हणून ती येथे नोंदवून ठेवतो.

३.

'लीळाचरित्रा'नंतर थोड्याच वर्षांत, १२९० मध्ये 'ज्ञानेश्वरी' आली. तिच्या तेराव्या अध्यायातील अहिंसेचे निरूपण म्हणजे सूक्ष्म जिवांविषयीच्या कोवळिकेचा मराठीतील परमोच्च आविष्कार. अहिंसक पुरुषाचे चालणे कसे असते हे सांगताना ज्ञानदेव लाटेला धक्का न लावता चालणारा बगळा दाखवतात, केसर चुरडेल या भीतीने कमळावर हलके पाय ठेवणारा भुंगा दाखवतात, आणि परमाणूंतही लहान जीव असतील हे जाणून करुणेत लपलेली पावले दाखवतात. पिलाला तोंडात धरणाऱ्या मांजरीच्या दातांचीही उपमा तेथे येते. दात तेच, पण पिलाला ते टोचत नाहीत. हिंसेचे साधन आणि मायेचे साधन एकच असू शकते, हे सांगणारी ही उपमा वर्गात शिकवताना मी नेहमी थोडा वेळ थांबतो. पण हे निरूपण आहे, कथा नाही. येथे कुणी मारणारा समोर येत नाही आणि कुणाला काही सोडावे लागत नाही.

कथेत लहान जीव पुन्हा भेटतो तो एकनाथांकडे. १५७३ मध्ये वाराणसीस पूर्ण झालेल्या 'एकनाथी भागवता'त अवधूताच्या चोवीस गुरूंचे आख्यान आहे. मधमाशी, कोळी, मासा, हरीण असे कितीतरी जीव तेथे गुरुस्थानी बसवले आहेत. त्यांतील कपोताची कथा सर्वांत विस्तृत. जाळ्यात सापडलेली पिले पाहून कपोती स्वतः जाळ्यात उडी घेते आणि तिच्यामागे कपोत. सारे कुटुंब हाती लागल्यावर पारधी घरी जातो. वाचकाच्या डोळ्यांत पाणी यावे असाच हा प्रसंग. पण आख्यानाचा उद्देश तो नाही. अवधूत सांगतो, पाहा, आसक्तीने काय होते. म्हणजे कपोताविषयी दया येते, परंतु ती दया टाकून बोध घ्यायचा आहे. पारध्याला येथे दोष नाही, कारण तो काळाचे रूप आहे. दोष असलाच तर मरणाऱ्यांचा आहे. मुका जीव हा आपल्यासाठी दृष्टांत ठरला की त्याचे मरणही आपल्या उपयोगाचे होते. ही दयेहून वेगळी वृत्ती आहे, हे विद्यार्थ्यांनी ओळखले पाहिजे.

पंडितकाव्यात चित्र पुन्हा बदलते. सामान्यतः सतराव्या शतकात मानल्या जाणाऱ्या रघुनाथ पंडिताचे नलदमयंती-स्वयंवराचे आख्यान घ्यावे. मूळ आधार श्रीहर्षाच्या 'नैषधीया'चा, पण हंसाचा प्रसंग मराठीत जो उतरला तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाठांतरात राहिला. उपवनातील तळ्याकाठी नळ सोनेरी पंखांचा हंस धरतो. बाकीचे पक्षी उडून जातात. हंस आक्रोश करतो : घरी उडता न येणारी म्हातारी आई आहे, बायको नुकतीच बाळंत झाली आहे, मी गेलो तर त्यांचे कसे होईल? नळ विरघळतो आणि त्याला सोडतो. उपकाराची फेड म्हणून हंस दमयंतीकडे दूत होऊन जातो आणि पुढली सारी प्रेमकथा त्यातून उभी राहते.

येथे दोन गोष्टी घडल्या आहेत. पहिली, पकडणारा हाच नायक आहे. तो राजा आहे, सुंदर आहे, दमयंतीचा भावी पती आहे. म्हणून कवी त्याला दुष्ट म्हणत नाही. पक्षी पकडण्याची कृती तीच, जाळे टाकणाऱ्याचे उद्दिष्ट पोटाचे आणि नळाचे केवळ कौतुकाचे. तरीही दूषण पहिल्याच्या वाट्याला येते. दुसरी, दयेला येथे परतफेड आहे. हंस सोडला, दमयंती मिळाली. आमच्या विद्यार्थ्यांच्या कवितांत मुंगी, कबुतर, ससा यांना वाचवणाऱ्या मुलाला शेवटी काही ना काही बक्षीस मिळत होते, त्याचे घराणे मला येथे सापडले. शिबीने किंमत मोजली होती. नळाला मोबदला मिळाला. या दोन कथांमधले अंतर पुष्कळ आहे.

४.

आधुनिक मराठी कवितेत या विषयावरची जी रचना घराघरांत पोचली ती रेव्हरंड ना. वा. टिळकांची 'केवढें हें क्रौर्य!'. टिळक (१८६१–१९१९) हे फुलांमुलांचे कवी म्हणून ओळखले जातात, पण या कवितेत कोवळीक आणि दाहकता एकत्र आली आहे. घायाळ झालेली पक्षिणी पडत-उठत घरट्याकडे येते, पिलांना शेवटचा घास देते, आणि आपल्या रक्ताने त्यांचे अंथरूण भिजू नये म्हणून झाडाखाली भुईवर येऊन प्राण सोडते. पृथ्वी वृत्ताची चाल तिच्या धडपडीला अशी काही जुळली आहे की अर्थ कळण्याआधी श्वास अडखळतो. पाठ्यपुस्तकांतून ही कविता वाचलेल्या कित्येकांनी त्यानंतर गलोल हातात धरली नसेल. कवितेने याहून अधिक काय करावे?

तरीही आपल्या प्रश्नाच्या संदर्भात या कवितेकडे पाहिले, तर दिसते ते असे. येथे दया करणारे कुणीही नाही. मारणारा तर मुळीच समोर येत नाही. त्याचा उल्लेख येतो तो 'नर' म्हणून, आणि त्याच्या बुद्धीला उपरोधाचा फटका बसतो. टिळकांनी एका गोष्टीत मोठा न्याय केला आहे : मारणाऱ्याला जात दिली नाही. 'नर' म्हणताना त्यांनी सगळ्यांना, वाचकालाही, त्यात ओढले. परंतु संवादाची जागा तेथे उरली नाही. क्रौंचवधाचा शाप आधुनिक झाला, व्यापक झाला. पण तो शापच राहिला. टिळकांचा मृत्यू १९१९ चा. 'लीळाचरित्र' छापले जाऊ लागले १९३६ मध्ये. म्हणजे आधुनिक मराठीत दयेच्या कवितेचा साचा ठरला, त्या वेळी पारध्यांशी बोलणारी सशाची लीळा कवींच्या हाती नव्हती. ती असती तर काय झाले असते हा प्रश्न निरर्थक आहे. पण ती आज आपल्या हाती आहे, अभ्यासक्रमातही असते, आणि तरीही आपली मुले तिच्याकडून काही घेत नाहीत, हा प्रश्न निरर्थक नाही.

टिळकांनंतर बालकवितेत आणि बालकथेत 'नर' पुन्हा 'पारधी' झाला. त्याला यमकाची सोय असेल, पंचतंत्र-हितोपदेशाच्या भाषांतरांची सवय असेल. चित्रांत त्याला दाढी, लंगोट आणि खांद्यावर जाळे आले. पण याच काळात 'पारधी' या शब्दाचे काय होत होते?

इंग्रज सरकारच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि त्याच्या पुढील विस्तारांनी, संपूर्ण समूहांना जन्मतः गुन्हेगार ठरवले. पारधी त्यांत होते. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. शिक्का गेला नाही. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. वन्यजीवांसाठी ती आवश्यक होती, याविषयी दुमत नसावे. परंतु फाशांनी तितर, लावे, ससे धरून जगणाऱ्या फासेपारध्यांचा पिढीजात व्यवसाय त्याच दिवशी गुन्हा झाला, आणि त्याबदल्यात त्यांना काय दिले याचा हिशेब कुणी मांडला नाही. एकीकडे कायदा त्यांना गुन्हेगार म्हणत होता, दुसरीकडे बालकविता त्यांना दुष्ट म्हणत होती. दोघांचीही भाषा मुक्या जिवांच्या किंवा समाजाच्या रक्षणाची होती.

आणि ज्याला आपण निर्दयतेची प्रतिमा मानले, त्याच्या घरची रीत काय सांगते? माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील भटक्या समूहांचा जो अभ्यास केला, त्यात नोंद आहे की फाशात गाभण हरिणी किंवा पाडस सापडले तर फासेपारधी ते सोडून देत. यामागे परंपरेने आलेले शहाणपण आहे. उद्याच्या शिकारीची काळजीही आहे. पण हाती आलेले अन्न, घरी भूक असताना, फास सैल करून सोडणे याला दुसरा कोणता शब्द आहे? शिबीच्या कथेतील ससाणाच येथे कबुतर सोडून देतो आहे. लहान जिवावरील दयेचे खरे कथाकाव्य या क्षणात आहे, आणि ते आपण कधी विद्यार्थ्यांना लिहायला सांगितले नाही.

५.

पुढल्या वर्षी मी विषय थोडा बदलला. अट एकच घातली : कथेत जो मारायला निघाला आहे त्याला किमान चार ओळी बोलू द्याव्यात, आणि त्याला जातीचे नाव देऊ नये. सशाची लीळा आधी वर्गात वाचून दाखवली.

या वेळी कविता कमी आल्या. लिहिणे अवघड झाले होते, आणि ते अवघड व्हावे हीच अपेक्षा होती. ज्या आल्या त्यांत एक कविता एका शेतकऱ्याच्या मुलाची होती. तिच्यात ससा नव्हता, चिमणी नव्हती, बोंडअळी होती. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले; त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने उभी कपाशी पोखरली. या मुलाच्या कवितेतील बाप पाठीवर पंप घेऊन पिकात शिरतो. अळी बोंडाच्या आत सुखाने बसलेली आहे. बाप म्हणतो, तुझेही पोट आहे, माझेही आहे. मग तो फवारतो. संध्याकाळी त्याचे डोळे चुरचुरतात, ओकाऱ्या होतात, आणि अंगणातल्या बाजेवर पडल्या पडल्या तो विचारतो की आज नेमके कोण मेले? कविता तेथे संपते.

वर्गात शांतता होती. मग एकाने विचारले, "सर, यात दया कुठं आहे?" दुसरा म्हणाला, "अळीवर काय दया करायची?" वाद पुष्कळ रंगला. ज्ञानदेवांच्या परमाणूंतील जिवांपासून बोंडातील अळीपर्यंत तो गेला. निर्णय झाला नाही. पण आपली दया प्राणी निवडून करते, मऊ केसांचे आणि मोठ्या डोळ्यांचे प्राणी तिला आवडतात, हे त्या मुलांच्या लक्षात आले. आणि मारणारा हात हा नेहमी राक्षसाचा नसतो, तो पुष्कळदा आपल्याच घरातला असतो, हेही.

शिकवण्याच्या दृष्टीने यातून मी माझ्यापुरता एक निकष काढला आहे. दयेच्या कथाकाव्याची कसोटी वाचकाच्या डोळ्यांतील पाण्यावर लावू नये. कपोताच्या कथेनेही पाणी येते. पाहावे ते हे की दया करणाऱ्याने काय सोडले, आणि ज्याच्या हातून जीव सोडवला त्याच्याशी कवी बोलला की नाही. या कसोटीला शिबी उतरतो. नळ अर्धाच उतरतो. टिळकांची कविता तिच्या तेजाने आपल्याला दिपवते, पण वाट दाखवत नाही. सातशे वर्षांपूर्वीची गद्यातली सशाची लीळा मात्र पूर्ण उतरते. तिच्यात पारधी येतात, बोलतात, ऐकतात आणि माणूस म्हणून परत जातात.

मागच्या बाकावरच्या त्या मुलीने दुसऱ्या वर्षीही कविता वाचली नाही. पण वर्ग सुटल्यावर तिने वहीतले एक पान फाडून माझ्या टेबलावर ठेवले. कविता नव्हती ती. आजीकडून ऐकलेली हकिकत होती, आठ-दहा ओळींची. फाशात एक तितर अडकले होते, मागे झुडपात पिलांचा आवाज येत होता. आजीच्या सासऱ्याने फास सोडला. त्या रात्री घरी चूल पेटली नाही. शेवटी तिने लिहिले होते की आजी ही गोष्ट सांगताना सासऱ्याचे नाव घेत नाही, पण हात जोडते.

त्या पानावर मी काहीही सुधारणा केली नाही.